बावाल नंबर सात

चोलेंग दिमाआनोचं अक्षर इतकं देखणं होतं की तिनं भिंतीवर शिवी लिहिली असती तरी लोकांनी उभं राहून वाचली असती. शिव्या ती तोंडानंच द्यायची. भिंतीवर लिहायची ते 'बावाल'. बावाल म्हणजे मनाई. चारशे घरं, एक चॅपेल, एक बास्केटबॉलचं कोर्ट आणि माणशी दोन कोंबडे एवढं आमचं इबाबा बारांगाय, म्हणजे गावातली एक वस्ती, पण मनाया मात्र एखाद्या राजधानीला पुरतील इतक्या. 'इथे लघवी बावाल.' 'इथे कचरा बावाल.' 'चॅपेलच्या पायरीवर पत्ते बावाल.' एका भिंतीवर तर नुसतंच 'बावाल' होतं, कारण पुढचं लिहायच्या आत रंग संपला. त्या भिंतीपाशी अनेक वर्षं कोणी काहीच केलं नाही. न जाणो, नेमकं तेच बावाल असायचं!

चोलेंग बारांगायची सेक्रेटरी. अकरा वर्षं. दाखले लिहायचे, शिक्के मारायचे, बारांगायचा मुखिया कापितान पोल्दो, त्याची भाषणं लिहायची, आणि त्यात 'इथे जरा थांबून डोळे पुसा' असंही लिहायचं. एकदा कापितानानं ते वाक्यसुद्धा मोठ्यानं वाचलं. लोकांनी डोळे पुसले, पण हसून.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात शिकायचं भूत शिरलं. गावच्या मोठ्या कचेरीत जन्ममृत्यू नोंदणीची जागा निघणार होती आणि त्या जागेला पदवी, निदान पदवीचा चालू अभ्यास लागत होता. अकरा वर्षं लोकांचे जन्म नि मृत्यू हातानं लिहिले, पण कागदावर बाई बारावी! म्हणून ती दर शनिवारी नगरपालिकेच्या कॉलेजात सरकारी कारभार शिकायला जाऊ लागली.

"कारभार शिकणार?" तिचा नवरा अम्बो म्हणाला. तो तीनचाकी चालवायचा आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा जिभेला मोकळं सोडायचा. "मग घरात पंचवीस वर्षं तू जे चालवलंयस ते काय होतं?"

"लष्करी राजवट," चोलेंग म्हणाली. "ऊठ, भांडी घास."

तिसऱ्या सहामाहीत विषय आला: सार्वजनिक कायद्याची ओळख. शिकवायला अॅटर्नी काल्मा. बुटकी, साठीची, आवाज मात्र फेरीबोटीच्या भोंग्यासारखा. वर्गात सगळे चोलेंगसारखेच. कारकून, नर्स, मासळीबाजाराचा निरीक्षक, आणि बढतीसाठी पदवीमागे लागलेला किको नावाचा पोलीस.

"तुमच्यातलं कोणीही वकील होणार नाहीये," पहिल्याच दिवशी अॅटर्नी म्हणाल्या. "आई मारियेची कृपा. वकील पुष्कळ झालेत. पण तुम्ही सगळे लोकांना 'हे करू नका' असं सांगून पगार घेता. तेव्हा ते सांगायचा हक्क तुम्हाला कुठून मिळाला, एवढं तरी मरायच्या आत कळू द्या."

मग त्यांनी राज्याच्या मोठमोठ्या ताकदी सांगितल्या. त्यातल्या एकीचं नाव 'पोलीस ताकद' निघालं तसा किको खुर्चीतून अर्धा उठला, पट्टा वर ओढला, आणि शेजारच्या नर्सकडे बघून हसला.

"खाली बस, बाळ," अॅटर्नी म्हणाल्या. "ती तुझी नाही. लोकांच्या आरोग्यासाठी, सुरक्षिततेसाठी राज्यानं नियम करायची ती ताकद. तुझ्याकडे नुसती शिट्टी आहे."

पहिल्या चाचणीत तरीही वर्गातल्या निम्म्यांनी पोलीस ताकद म्हणजे पोलिसांची ताकद असंच लिहिलं. चोलेंगनंही. वर आणखी उदाहरण म्हणून किकोचं नाव!

पण अॅटर्नींचे चार प्रश्न मात्र तिच्या डोक्यात चिकट भातासारखे बसले. कुठलाही नियम दिसला की विचारायचं: कोणी केला? त्याला करायचा अधिकार कोणी दिला? लोकांना रीतसर सांगितला का? आणि ज्याच्यावर तो पडला, त्याचं ऐकून घेतलं का? चोलेंगनं ते घरीच चालू केले. अम्बो म्हणाला, "मॅच चालू असताना बोलायचं नाही." ती म्हणाली, "हा नियम कोणी केला?" "मी." "तुला अधिकार कोणी दिला?" अम्बोनं बिचाऱ्यानं टीव्ही बंद केला आणि शेजारी जाऊन मॅच बघितली.

सत्राच्या शेवटी गृहपाठ मिळाला. आपल्या वस्तीतला एक नियम घ्या, त्याला चारही प्रश्न विचारा, उत्तरं पुराव्यासकट आणा. यावरच पास की नापास.

चोलेंगनं सोप्यात सोपा घेतला. कोर्टाच्या कुंपणावरचा: 'इथे कपडे वाळत घालणे बावाल. नियम नंबर ७.' सोपा अशासाठी की तो तिनंच रंगवला होता.

त्या नियमाची जन्मकथा वस्तीत पोराटोरांना पाठ होती. चार वर्षांपूर्वी फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, मिरवणुकीला खुद्द बिशप आले. कोर्टाच्या जाळीवर नेहमीप्रमाणे अख्ख्या वस्तीचं धुणं. बिशपांनी पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला, वारा आला, आणि सगळं पाणी पडलं कागावाद दोमिंगच्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर. कागावाद म्हणजे बारांगायच्या सभेतला सभासद. हुद्दा लहान, चड्डी मोठी. बिशप हसले. पण कापितान पोल्दोच्या मानी मिशांना ते झोंबलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं चोलेंगला लाल रंगाचा डबा दिला. "लिही. बावाल. आणि खाली काहीतरी नंबर टाक, कायद्यासारखं दिसायला पाहिजे."

चोलेंगनं टाकला. तेव्हापासून बारांगायचे पहारेकरी जाळीवर दिसेल ते धुणं उचलत, आणि दंड भरला की परत देत.

आणि गृहपाठाच्याच आठवड्यात त्यांनी आलिंग बिनिंगचं धुणं उचललं.

आलिंग बिनिंग बासष्टीची विधवा. दुसऱ्यांचे कपडे धुऊन जगणारी. घर एवढंसं की आत पाय पसरला तर अंगठा बाहेर, मग अंगण कुठलं? धुणं वाळवायला तिला जगात एकच जागा होती, ती जाळी. आजवर ती पहाटेच घालायची आणि पहारेकरी उठायच्या आत काढायची. त्या दिवशी पहारेकरी लवकर उठले. नोकरीत पहिल्यांदाच!

ती तरातरा कचेरीत आली तेव्हा हाताला अजून साबण होता.

"अगं चोलेंग, तीन चादरी गेल्या! दवाखान्यातल्या दोन पोरींचे पांढरे गणवेश गेले! त्या पोरी उद्या काय नेसून कामावर जाणार? माझा परकर?"

"दंड भरा नि घेऊन जा, आलिंग बिनिंग," आतून कापितान ओरडला. "चार वर्षं भिंतीवर लिहिलंय. वाचता येत नाही का?"

"नाही येत!" आलिंग बिनिंगनं कमरेवर हात ठेवले. "आणि येत असतं तरी चादरींना कुठे येतं? हे बघ पोल्दो, तुझे लंगोट मी धुतलेत. तू मला दंड सांगू नकोस. या गणवेशांचं गिऱ्हाईक गेलं ना, तर दुसरं कोणी मला कपडे देणार नाही. मग तूच पोस मला. रोज तीन वेळा भात खाते मी, वर सुकी मासळी लागते."

कापितानानं चादरी काही दिल्या नाहीत. कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

आता नियम होता कचेरीच्या बाजूनं, गृहपाठही त्यावरच होता, म्हणून चोलेंगनं कपाटातली नियमांची फाईल काढली. एक होता. दोन होता. पाचपर्यंत नीट होते. सहा नव्हता. आणि सातचा तर वारासुद्धा त्या फाईलला लागलेला नव्हता.

पहिला प्रश्न: कोणी केला? ती विचार करत बसली. मग तिला आठवलं. चार वर्षांपूर्वी लाल डबा हातात घेऊन उभी असताना तिला कुठला नंबर टाकावा ते सुचेना. म्हणून तिनं अम्बोला तीनचाकी काढायला लावली, शेजारच्या इलाया बारांगायात जाऊन तिथल्या भिंतीवरचा बावाल पाहिला, आणि तिथला नंबर जसाच्या तसा उतरवून आणला. तिची समजूत अशी की जन्माच्या दाखल्याच्या फॉर्मला जसा एकच नंबर सगळीकडे असतो, तसा बावालचा नंबर सात!

ती तडक इलायाला गेली. तिथली सेक्रेटरी तासिंग तिची शाळेपासूनची मैत्रीण, म्हणजे तिच्यापासून काही लपवण्यात अर्थ नव्हता आणि तिला काही सांगण्यातही धोकाच होता.

"नंबर सात?" तासिंगनं फाईल उघडली. "हा बघ. 'मोकाट कुत्री रस्त्यावर सोडणे मना. पिसाळलेले आढळल्यास बांधून ठेवावे.'"

"कुत्री?"

"कुत्री. का गं? तुमच्याकडे काय आहे सात नंबरला?"

चोलेंगनं सांगितलं. तासिंगनं आधी तोंडावर हात ठेवला, मग टेबलावर डोकं ठेवलं, मग खुर्चीवरून खालीच बसली. "म्हणजे चार वर्षं… तुम्ही परकरांना… पिसाळलेले म्हणून…"

"हसू नकोस. दात पडतील."

"बांधून ठेवलेत ना? कोठीत? मग नियमाप्रमाणेच झालं की!"

संध्याकाळच्या आत ही बातमी इलायाभर झाली, आणि नदीच्या वाऱ्यानं इबाबात आली. पोरं आलिंग बिनिंगच्या दाराशी जाऊन भुंकायला लागली. कापितान पोल्दोचे कान तापले. त्यानं चोलेंगला बोलावलं, दार लावलं, आणि कपबशीत स्वतः कॉफी ओतून तिच्यापुढे सरकवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चोलेंगनं ओळखलं, काहीतरी भयंकर येतंय.

"चोलेंग, तुझं अक्षर काय सुंदर आहे गं."

"काय हवंय, कापितान?"

"सभेच्या जुन्या वहीत एक पान कोरं आहे ना? चार वर्षांपूर्वीचं. फिएस्ताच्या नंतरचं."

"आहे. त्या दिवशी सगळे झिंगलेले होते, सभाच झाली नाही."

"झाली म्हण. अमुक तारखेला सभा भरली, धुण्याचा नियम मांडला, सगळ्यांनी हो म्हटलं. तुझ्या त्या सुंदर अक्षरात चार ओळी. निळ्या शाईनं, जुनी दिसेल अशी." त्यानं आवाज खाली आणला. "पुढच्या महिन्यात नोंदणीच्या जागेची शिफारस मीच करायची आहे. मी विसरलो नाहीये. तूही विसरू नकोस की सेक्रेटरी नेमतो कोण."

चोलेंग कॉफी न पिता उठली. घरी आली तर अम्बो तिच्याकडे बघून काहीच चेष्टा करेना, तेव्हा चेहरा किती उतरलाय ते तिला कळलं.

"लिहून टाक की," अम्बो म्हणाला. "अकरा वर्षं त्याचे अश्रू लिहिलेस. चार ओळींनी काय बिघडतंय?"

"अश्रू खोटे होते ते सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "हे खोटं आहे ते फक्त मला माहीत असेल. आणि त्याच्यावर बिनिंगच्या चादरी अडकल्यात."

"मग नोकरी गेली तर?"

"तर तू दोन फेऱ्या जास्त मार."

बोलली खरं, पण शनिवारी वर्गात तिनं हात वर केलाच. "अॅटर्नी, माझी एक मैत्रीण आहे…"

वर्गात खसखस पिकली. मासळीबाजाराचा निरीक्षक म्हणाला, "मैत्रिणीकडे कुत्री आहेत का हो?"

"गप्प," अॅटर्नी काल्मा म्हणाल्या, आणि चोलेंगनं सगळं मैत्रिणीच्या नावानं सांगितलं. अॅटर्नींनी चष्मा काढून पुसला. "मैत्रिणीला सांग, चूक करून भिंतीवर लिहिलं तो अडाणीपणा. अडाणीपणाला मी नापास करते, सरकार नाही. पण मागची तारीख घालून वहीत लिहिलं तर तो गुन्हा, आणि तो लिहवून घेणाऱ्याचा नंतर होतो, लिहिणाऱ्याचा आधी. अक्षर ओळखू येतं ना मैत्रिणीचं?"

"गावभर येतं," किको मागून म्हणाला.

"आणि दुसरं. कापितानाला नियम हवाच असेल, तर रस्ता मोकळा आहे. आजची तारीख, उघडी सभा, लोकांच्या समोर. एकट्या माणसाचा हट्ट हा नियम नव्हे. सभेनं हात वर केले की होतो."

चोलेंगच्या डोक्यात दिवा लागला. सोमवारी तिनं कापितानापुढे कागद ठेवला. चार ओळी, सुंदर अक्षर, निळी शाई. कापितान खूश झाला आणि तारीख वाचून पांढरा पडला.

"ही आजची आहे!"

"हो. येत्या बुधवारी सकाळी सभेत मांडू. जुनं पान कोरंच राहील, कापितान. ते मी लिहिणार नाही. सभा उघडी असते म्हणून नोटीसही लावलीय. चॅपेलवर, कोर्टावर आणि विहिरीपाशी."

विहिरीपाशी! विहिरीपाशी कोण असतं ते सांगायला नको. बुधवारी सकाळी नऊला बारांगायच्या कचेरीत आजवर कधी झाली नव्हती एवढी गर्दी झाली, आणि सगळी बायकांची. कोणी पोर कडेवर घेऊन, कोणी केळीच्या पानातला गोड भात खात, आणि पुढच्या बाकावर मधोमध आलिंग बिनिंग, पंखा हलवत. दवाखान्यातल्या दोन पोरीही तिच्या मागेच उभ्या, गणवेशाशिवाय, घरच्या कपड्यांत. टेबलामागे सात कागावाद आणि पोरांच्या मंडळाचा अध्यक्ष, त्यालाही एक मत. समोरच्या बाकांवर त्या सातांच्या सात बायका.

चोलेंगनं नियम मोठ्यानं वाचला. "कोर्टाच्या जाळीवर कपडे वाळत घालण्यास मनाई. मांडणारे, कापितान. अनुमोदन?"

कागावाद दोमिंगनं छताकडे पाहिलं. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं.

"अनुमोदन?" कापितान म्हणाला. "दोमिंग! तुझ्याच चड्डीवरून झालं ना हे?"

"माझी चड्डी आता कुंपणावर नसते, कापितान," दोमिंग म्हणाला. "पण बाकीचं सगळं धुणं असतं. बायको बसलीय समोर. तुम्ही मला घरी जेवायला बोलावणार आहात का?"

सगळी कचेरी हसली. दुसऱ्या कागावादाला कापितानानं कोपरानं ढोसलं, तो खोकला. तिसरा म्हणाला, "आधी वाळवायला दुसरी जागा दाखवा, मग मना करा." बायकांनी टाळ्या पिटल्या. आलिंग बिनिंग उठली.

"माझंही ऐकायचंय ना? त्या वकीलबाईंच्या चार प्रश्नांत चौथा तोच आहे असं चोलेंगनं सांगितलंय. मग ऐका. मला अंगण नाही. मला जाळी आहे. जाळी काढून घेतलीत तर मी कापितानाच्या बाल्कनीत वाळवीन. संपलं." ती बसली.

अनुमोदन आलं नाही. नियम जन्मायच्या आधीच मेला. चोलेंगनं तेही वहीत नोंदलं, आजच्या तारखेनं.

कापितान पोल्दोच्या मिशा थरथरल्या. "ठीक आहे. मग दुसरं काम. सेक्रेटरी बदलायची आहे. चोलेंग दिमाआनो, आजपासून तुझी नोकरी…"

"थांबा, कापितान." चोलेंगनं वहीचं नवं पान उघडलं. "सेक्रेटरी काढायलाही सभेचं बहुमत लागतं. निम्म्याहून जास्त. मांडा, मी नोंदते."

"तू स्वतःच्याच हकालपट्टीची नोंद करणार?"

"कामच आहे माझं. हात वर?"

एक हात वर झाला. तो कापितानाच्या कागावाद चुलतभावाचा. दुसऱ्या एकानं हात उचलला, बायकोनं खाकरलं, आणि त्यानं तोच हात डोकं खाजवायला वापरला. पोरांच्या मंडळाचा अध्यक्ष फोनमध्ये बघत होता, कोणीतरी ढोसलं तसा तो म्हणाला, "कशाचं चाललंय? मी विरोधात." चोलेंगनं नोंदलं: 'बाजूनं हात, एक.' अक्षराच्या दृष्टीनं तिच्या आयुष्यातली ती सर्वांत वाईट ओळ होती.

"मग मी या बारांगायात बावाल म्हणून सांगू तरी काय शकतो?" कापितान ओरडला.

"एकट्यानं? तुमच्या घरात सांगा," चोलेंग म्हणाली. "तेही वहिनींना विचारून."

कापितानाची बायको नेनिता मागच्या दारात उभी होती. ती आत आली, नवऱ्याच्या खिशात हात घातला, कोठीची किल्ली काढली आणि सरळ आलिंग बिनिंगच्या हातात दिली. "चला. मीही बघते, काय काय कोंडून ठेवलंय यानं."

कोठीतून चादरी निघाल्या, गणवेश निघाले, आणि चार वर्षांत कोणी न सोडवलेलं बरंच काही. आलिंग बिनिंगनं त्यातला एक परकर उलगडला, नाकाला लावला.

"कोंबडीच्या खुराड्याचा वास मारतोय! पोल्दो! आता हे सगळं पुन्हा कोण धुणार?"

पुढच्या महिन्यात कापितानानं नोंदणीच्या जागेसाठी शिफारस केली नाही. चोलेंगनं ती मागितलीही नाही. नुसता अर्ज टाकला आणि सोबत सार्वजनिक कायद्याचा निकाल जोडला. पास, पण जेमतेम. गृहपाठाखाली अॅटर्नींनी लाल शाईनं लिहिलं होतं: 'नियम कोणी केला, या प्रश्नाला "मी, इलायाच्या कुत्र्यांवरून" हे उत्तर प्रामाणिक आहे. म्हणून पास. पोलीस ताकदीचं प्रकरण पुन्हा वाचणे.'